टेबल सामाईक, झळ मात्र घरची

गणपतीत महाड-पोलादपूरच्या गावांत मुंबईचे चाकरमानी उतरले, की रात्रीच्या जागरणाला पडवीत सतरंजी पडते आणि पत्ते पिसले जातात. रमी होते, तीन पत्ती होते, दहा-वीस रुपयांनी सुरू झालेला डाव रात्र चढेल तसा चढतो. हे कायद्यात बसतं का, असं तिथे कुणी विचारत नाही. आणि तरीही या डावापायी घरदार विकल्याची गोष्ट क्वचितच ऐकू येते. त्याला कारणं आहेत. खेळायला सात-आठ जणच असतात. पहाटे तीनला त्यातले चौघे पेंगू लागतात. सलग कोण हरतोय हे सगळ्यांना दिसतं, आणि कुणीतरी वडीलधारा ओटीवरून ओरडतो, ‘बास झालं आता, ऊठ.’ विसर्जन झालं की मुंबईची गाडी पकडायची असते, म्हणून डाव मोडतो. हे लगाम कुठल्या सरकारने घातलेले नाहीत. माणसं मोजकी आहेत आणि एकमेकांना ओळखतात, एवढ्यानेच ते लागतात. ऑनलाइन पोकरसाठी अनेक राज्यांतल्या खेळाडूंची एकच मोट बांधावी, ही कल्पना जगात काही ठिकाणी रुजली आहे आणि आपल्याकडेही वेगळ्या वेशात येऊन गेली आहे. तिचा विचार या पडवीपासून सुरू करायला हवा. खेळाडूंची मोट जेवढी मोठी, तेवढे हे आपोआप लागणारे लगाम सुटतात. ते सुटले तर त्यांच्या जागी दुसरे कुणी घालायचे, याचं उत्तर देणाऱ्यालाच अशी मोट बांधण्याचा अधिकार असावा. भारतात गेल्या सत्तर वर्षांत खेळाडू वारंवार सामाईक झाले, जबाबदारी एकदाही सामाईक झाली नाही.

ही मोट लागतेच कशाला, हे आधी समजून घेऊ. पोकरमध्ये खेळाडू कंपनीविरुद्ध खेळत नाही. टेबलाभोवतीचे सहा किंवा नऊ जण एकमेकांच्या खिशातले पैसे जिंकतात, आणि टेबल मांडणारा डावाडावातून आपला वाटा काढून घेतो. पोकरच्या भाषेत या वाट्याला रेक म्हणतात. आपल्याकडच्या अड्ड्यावर त्याला नाल म्हणतात. नाल निघायची तर डाव चालू राहायला हवा आणि डाव चालायला टेबल भरलेलं हवं. पोलादपूर तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पन्नास हजारांच्याही आत होती. त्यातून मुलं वगळा, म्हातारीकोतारी वगळा, पोकरचे नियम न कळणारे वगळा. उरलेल्यांतून रात्री अकरा वाजता जागे असलेले, मोबाईलवर असलेले आणि एकाच रकमेचा डाव मांडू पाहणारे शोधा. सहा जणही जमायचे नाहीत. सव्वीस लाखांच्या रायगड जिल्ह्यात कदाचित एखादं टेबल भरेल. लाखो रुपयांच्या बक्षिसाची हमी द्यायची, तर मात्र हजारो खेळाडू एकाच वेळी हवेत. म्हणून धंद्याला छोटं राज्य पुरत नाही, त्याला शेजारचं राज्य हवं असतं, मग त्याच्या पलीकडचं. खेळाडूलाही मोठी मोट आवडते, कारण टेबल शोधत बसावं लागत नाही आणि बक्षीस मोठं होतं. या मागणीत लबाडी काही नाही. तिची किंमत कोण मोजतो, एवढाच प्रश्न आहे.

अमेरिकेत हा प्रश्न निदान कागदावर तरी सोडवला गेला. तिथे जुगार हा राज्यांचा विषय आहे. २०१३ मध्ये नेवाडा, डेलावेअर आणि न्यू जर्सी या राज्यांत कायदेशीर ऑनलाइन पोकर सुरू झालं, आणि लोकसंख्येची अडचण लगेच जाणवली. नेवाडाची लोकसंख्या तेव्हा तीस लाखांच्या आत होती, डेलावेअरची दहा लाखांच्याही आत. फेब्रुवारी २०१४ मध्ये या दोन राज्यांच्या गव्हर्नरांनी खेळाडू एकत्र करण्याच्या करारावर सह्या केल्या. पुढे न्यू जर्सी, मिशिगन आणि वेस्ट व्हर्जिनिया आले, आणि २०२५ मध्ये पेनसिल्व्हेनिया आलं. या करारातला कामाचा भाग हिशेबाचा आहे. खेळाडू ज्या राज्याच्या हद्दीत बसून खेळतो, त्याच्याकडून निघालेली नाल त्याच राज्याच्या खात्यात धरली जाते आणि कर तेच राज्य घेतं. कंपनीला प्रत्येक राज्याचा वेगळा परवाना लागतो, आणि फोन खरोखर कुठल्या हद्दीत आहे हे तपासावं लागतं. टेबल एक, पण खेळाडूचा पालक त्याचं स्वतःचं राज्य, असा हा बंदोबस्त आहे. युरोपात २०१७ मध्ये फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल आणि इटली यांनी असाच करार केला. २०१८ मध्ये पहिल्या तिघांचे खेळाडू एका टेबलावर आले. इटलीने मात्र सही करूनही पुढे अनेक वर्षं आपला खेळ वेगळाच ठेवला. करार करणं आणि आपल्या माणसांना त्या टेबलावर बसवणं यात अंतर असतं आणि त्या अंतरात थांबून विचार करता येतो, हे इटलीकडून घेण्यासारखं आहे.

आपल्याकडे हा वाद पोकरच्या कितीतरी आधीचा आहे, आणि त्याची सुरुवात मुंबई राज्यातच झाली. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांचं वेड पसरलं होतं. प्रवेश फी भरायची, कोडं भरून पाठवायचं, उत्तर जुळलं तर मोठं बक्षीस. अशी एक स्पर्धा बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून चालत असे. छपाई म्हैसूर राज्यातली, पण खेळणारे मोठ्या संख्येने मुंबई राज्यातले. मुंबई सरकारने १९४८ च्या कायद्यात १९५२ मध्ये दुरुस्ती करून राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या पत्रांतल्या स्पर्धाही आपल्या कराखाली आणल्या. चालकांनी न्यायालयात धाव घेतली. वृत्तपत्र बंगळूरचं, स्पर्धा बंगळूरची, मग मुंबईचा संबंध काय, असा त्यांचा सवाल होता. ‘मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये दिलेलं उत्तर आजही वाचण्यासारखं आहे. कोडी गोळा करणारी केंद्रं मुंबई राज्यात आहेत, प्रवेश फी इथे जमा होते, कमिशनवर काम करणारे लोक इथे आहेत, आमंत्रण इथल्या लोकांना आहे. तेव्हा या राज्याला हात घालायचा पूर्ण अधिकार आहे, असं न्यायालय म्हणालं. जुगाराला व्यापाराचं घटनात्मक संरक्षण नाही, हेही याच निकालात स्पष्ट झालं. पोकरच्या भाषेत सांगायचं तर खेळाडू ज्या राज्यातला, त्या राज्याचा शब्द चालेल, हे तत्त्व अमेरिकेतल्या कराराच्या सत्तावन्न वर्षं आधी आपल्या न्यायालयाने मांडलं होतं.

पुढे लॉटरीत आपण हे तत्त्व सोडून दिलं. केरळने १९६७ मध्ये देशातली पहिली सरकारी लॉटरी काढली, महाराष्ट्राने १९६९ मध्ये. लोक मटक्याकडे जाऊ नयेत, त्यांना सरकारी भरवशाचा पर्याय मिळावा, हे आपल्या लॉटरीमागचं एक सांगितलेलं कारण होतं. मग लहान राज्यांच्या ध्यानात आलं, की तिकीट आपलं आणि गिऱ्हाईक दुसऱ्या राज्याचं, असाही धंदा होतो. सोडत गंगटोकला, विक्री ठाण्या-मुंबईला. २००१-०२ च्या सुमारास सिक्कीमची ‘प्लेविन’ ऑनलाइन लॉटरी आली, तेव्हा अनेक राज्यांतली यंत्रं एकाच जॅकपॉटला जोडली गेली. खेळाडूंची सामाईक मोट म्हणतात ती हीच. नको असेल तर राज्याने दार लावावं, असं म्हणता येईल का? १९९८ च्या केंद्रीय लॉटरी कायद्याने दुसऱ्या राज्याच्या लॉटरीवर बंदी घालण्याचा अधिकार राज्यांना दिला. पण १९९९ च्या ‘बी. आर. एंटरप्रायझेस’ निकालाने त्याला अट घातली: जे राज्य स्वतःही लॉटरी चालवत नाही, त्यालाच दुसऱ्याची अडवता येईल. म्हणजे महाराष्ट्राने आपली लॉटरी चालू ठेवली, की सिक्कीम-नागालँडचं तिकीट मुकाट्याने घ्यायचं. केरळने याच चौकटीत निराळा रस्ता धरला. आपलं तिकीट आपल्याच राज्यात विकलं, बाहेरच्या लॉटऱ्यांशी कर आणि कायद्याची लढाई लढली, आणि ‘कारुण्य’ लॉटरीच्या उत्पन्नातून गरीब रुग्णांच्या उपचाराचा निधी उभारला. तिकडेही लोक हरतातच, पण हरलेल्यांचा पैसा निदान त्यांच्याच राज्याच्या इस्पितळापर्यंत पोचतो. गंगटोकच्या सोडतीत महाडचा माणूस हरला, तर त्याच्या तालुक्यात परत काय येतं?

पोकरची गोष्ट याच वळणाने गेली. नागालँडने २०१६ मध्ये कौशल्याच्या ऑनलाइन खेळांना परवाने देणारा कायदा अमलात आणला. त्याच्या यादीत रमी होती, बुद्धिबळ होतं आणि पोकरही होतं. तिथला परवाना घेतलेल्या कंपनीला कौशल्याच्या खेळांना मज्जाव नसलेल्या इतर राज्यांतल्या लोकांनाही खेळवता येत होतं. महाराष्ट्राचा स्वतःचा ऑनलाइन कायदा नव्हता. आपल्याकडे होता तो १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा, ज्याच्या कलम १३ मध्ये निव्वळ कौशल्याचा खेळ वगळलेला आहे. त्यात न्यायालयांचंही एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकर जुगार ठरवलं. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ते कौशल्य ठरवलं. या गोंधळात पोलादपूरच्या एस. टी. स्टँडसमोर टपरीवर बसलेला तरुण रात्रीत देशभरातल्या खेळाडूंच्या टेबलावर बसू शकत होता. परवाना कोहिमाचा, कंपनीची कचेरी भलत्याच शहरात आणि सायबर पोलीस शंभर किलोमीटरहून दूर अलिबागला. या टेबलावर बसायला कुठल्याही राज्याने करार केला नव्हता, विधिमंडळात चर्चा झाली नव्हती. मोट बांधली गेली होती, फक्त ती कुणी बांधली हे सांगता येत नव्हतं.

या काळात दोन गोष्टी मात्र बऱ्या झाल्या, त्यांची नोंद घ्यायला हवी. पहिली करातली. ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन पैशांच्या खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला, आणि जीएसटी मुळात गिऱ्हाइकाच्या राज्याला हिस्सा देणारा कर असल्याने खेळाडूचा नोंदलेला पत्ता हिशेबात आला. परवाना कुठलाही असो, पोलादपूरच्या पत्त्यावरच्या खेळाडूच्या करातला राज्याचा हिस्सा महाराष्ट्राकडे यायची वाट झाली. दुसरी गोष्ट तमिळनाडूने केली. तिथल्या ऑनलाइन गेमिंग प्राधिकरणाने २०२५ च्या सुरुवातीला नियम काढले: आधारने ओळख पटवल्याशिवाय खेळ नाही, आणि मध्यरात्री बारा ते पहाटे पाच टेबल बंद. कंपन्या न्यायालयात गेल्या. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये हे नियम उचलून धरले. ओटीवरचा म्हातारा ‘ऊठ’ म्हणतो, तेच काम तमिळनाडूने नियमाने करून दाखवलं. सर्व्हर कुठे आहे याची त्या राज्याने पर्वा केली नाही, खेळणारा आपला आहे एवढं त्याला पुरलं. १९५७ च्या निकालाचं मर्म हेच होतं. महाराष्ट्राने या काळात असं काही केलं नाही.

खेळाडू शेजाऱ्याचा आणि महसूल आपला, हे गणित बघायला फार लांब जावं लागत नाही. मुंबई-गोवा महामार्ग महाड आणि पोलादपूरमधूनच पुढे कशेडीकडे जातो. गोव्याने १९७६ च्या आपल्या जुगार कायद्यात १९९० च्या दशकात दुरुस्त्या करून कॅसिनोला वाट करून दिली, आणि आज मांडवीच्या पात्रात सहा जहाजांवर कॅसिनो उभे आहेत. फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना मात्र खेळायला आत जाण्याची मनाई आहे. याचा सरळ अर्थ असा, की कॅसिनोने संसार मोडू शकतो हे गोवा सरकारला मान्य आहे. मोडायचाच असेल तर तो बाहेरच्याचा मोडावा, एवढाच आग्रह आहे. गोव्याला दोष देऊन उपयोग नाही. आपली माणसं सांभाळणं हे त्या सरकारचं कामच आहे. महाराष्ट्राने काय केलं? आपलाही एक कॅसिनो कायदा १९७६ पासून कागदावर पडून होता. तो कधी अमलात आणला नाही, आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. निर्णय योग्यच होता. पण आपल्या हद्दीत कॅसिनो नको म्हटलं म्हणजे आपली माणसं कॅसिनोपासून वाचली, असं होत नाही. जहाजावर जायला निदान बसचं तिकीट काढावं लागतं, घाट उतरावा लागतो, रजा काढावी लागते. फोनवरच्या टेबलाला यातलं काहीच लागत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून हा सगळा पट एका फटक्यात उधळला. २० आणि २१ ऑगस्टला दोन्ही सभागृहांत विधेयक मंजूर झालं, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पोकरबाजी, अड्डा ५२ यांसारख्या ॲपनी पैशांचे डाव थांबवले. मग मोट बांधण्याची चर्चा आता कशाला, असं कुणी म्हणेल. कारण साधं आहे. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात जुगार राज्यसूचीतला विषय आहे, चौतिसावी नोंद. या कायद्याला आव्हान देणाऱ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या, आणि हा विषय केंद्राचा की राज्यांचा हा त्यातला कळीचा मुद्दा आहे. उद्या विषय राज्यांकडे परत आला, तर दुसऱ्याच दिवशी एखादं लहान राज्य परवान्यांचं दुकान उघडेल, आणि आपले लोक त्या टेबलावर बसतील. बंदी टिकली तरी विचार वाया जाणार नाही. परदेशी ॲपनी तीच मोट आधीच बांधलेली आहे, तीही कुठल्याच राज्याला न विचारता.

पहिला आक्षेप खेळाच्या जाणकारांचा आहे. पोकर हे कौशल्य आहे, बुद्धिबळासारखं. जाणत्या माणसाने आपल्या पैशाने काय खेळावं हे सरकारने ठरवू नये. पोकरमध्ये कौशल्य आहे हे मी मान्य करतो. हजारो डावांच्या हिशेबात चांगला खेळाडू वाईट खेळाडूला हरवतो. पण मोट मोठी करण्याची गरज याच मुद्द्यातून उभी राहते. टेबलावरची रक्कम खेळाने वाढत नाही. ती या खिशातून त्या खिशात जाते आणि दर वेळी नालेपुरती कमी होते. चांगल्या खेळाडूला जिंकत राहायचं तर कच्चे खेळाडू सतत येत राहिले पाहिजेत. पोकरवाले कच्च्या खेळाडूला आपसात मासा म्हणतात, ते उगाच नाही. गावच्या डावात मासा दोन रात्रींत शहाणा होतो किंवा त्याला उठवलं जातं. सामाईक टेबलावर एक मासा उठला की दुसऱ्या राज्यातून दुसरा येतो. कौशल्य जितकं खरं, तितका हा प्रवाह एकाच दिशेने वाहणार. बुद्धिबळात हरलेल्याचं मानांकन उतरतं, त्या महिन्याचं घरभाडं जात नाही. म्हणून कौशल्याचा मुद्दा मान्य केल्यावर राज्याची जबाबदारी वाढते, संपत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बंदीने खेळ थांबत नाही, तो अंधारात जातो. मटका हा त्याचा हातचा पुरावा. १९६० च्या दशकात मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवरचा सट्टा संपून मडक्यातल्या चिठ्ठ्यांचा खेळ सुरू झाला, आणि थोड्याच वर्षांत मुंबईत फुटलेला आकडा तालुक्याच्या गावात लोक ओठांवर घेऊन फिरू लागले. खेळाडूंची एवढी मोठी सामाईक मोट तोवर कुणी बांधली नव्हती, तीसुद्धा बेकायदा. अजूनही कुठल्याही तालुक्याच्या पोलीस ठाण्याच्या बातमीत तोच ऐवज असतो: टपरीच्या आडोशाला एक इसम, ओपन-क्लोजच्या आकड्यांची चिठ्ठी, एक बॉलपेन, काही शे रुपये रोख, गुन्हा दाखल. साठ वर्षांत मटका गेला नाही, हे खरं. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘सगळं खुलं करा’ हा नव्हे. मटक्याला दुकानात पाटी लावता येत नाही, क्रिकेटपटूला घेऊन जाहिरात करता येत नाही, पगाराच्या खात्यातून थेट पैसे उचलता येत नाहीत. बेकायदा असण्याने तो मेला नाही, पण त्याची वाढ खुंटली. ऑनलाइन टेबलाच्या बाबतीत नाकेबंदीची जागा पैशांचा मार्ग हीच आहे, आणि नव्या कायद्याने बँका आणि पेमेंट कंपन्यांवरही जबाबदारी टाकली ती म्हणूनच. बंदी अर्धवट चालेल, हे गृहीत धरूनच ती घालायची असते. दारूबंदीचे खटले लढणाऱ्या जिल्ह्यांना हे सांगावं लागत नाही.

तिसरा आक्षेप तिजोरीचा. खेळणारे खेळणारच, मग कर तरी पदरात पडू द्या. विधेयकाच्या वेळी केंद्र सरकारने दिलेला अंदाज असा होता, की ४५ कोटी लोकांना या खेळांचा फटका बसला आणि २० हजार कोटींहून अधिक रक्कम गेली. हा सरकारचा अंदाज आहे, आणि त्याची चिकित्सा व्हायला हवी. तरी तो तसाच घेतला तर भागाकार दरडोई साडेचारशे रुपयांच्या आसपास येतो. एवढ्यात सहकुटुंब सिनेमाही होत नाही, मग एवढा गाजावाजा कशाला, असं वाटेल. इथे सरासरी फसवते. बहुतेक जण शंभर-दोनशे घालवून थांबतात. नुकसानाचा मोठा भाग न थांबणाऱ्या थोड्यांच्या घरातून जातो, आणि करही त्यांच्याच घरातून येतो. महाड औद्योगिक वसाहतीत पाळी करणारा कामगार पगाराच्या रात्री महिन्याचे पैसे हरला, असं समजू. त्याच्या जमा रकमेवरचा कर मुंबईला पोचेल. किराणावाल्याची उधारी, सोसायटीचा थकलेला हप्ता, मुलाची राहिलेली फी हे सगळं मात्र महाडमध्येच राहील आणि कुठल्याही अर्थसंकल्पात दिसणार नाही. महसुलाचा आकडा छापून येतो, झळीचा येत नाही. म्हणून नुसत्या महसुलावर बोलणारा हिशेब नेहमी नफ्याचाच दिसतो.

तेव्हा उद्या कायद्याने दार उघडलंच, आणि कुठल्या राज्याने महाराष्ट्राकडे खेळाडू एकत्र करण्याचा प्रस्ताव आणलाच, तर तीन अटींवर बोलणं व्हावं. खेळाडू जिथे बसून खेळतो त्या राज्याचा परवाना कंपनीला लागेल आणि त्याची नाल, कर, नियम त्याच राज्याचे असतील. दुसऱ्याच्या परवान्यावर आपली माणसं खेळवायची नाहीत. ‘मला आता खेळू देऊ नका’ असं एकदा सांगणाऱ्याचं, किंवा ठरलेली मर्यादा ओलांडणाऱ्याचं नाव सामाईक यादीत जाईल, आणि मोटेतल्या प्रत्येक ॲपवर, प्रत्येक राज्यात ते बंद राहील. रात्रीचे बंद तासही सगळ्यांना सारखे. तिसरी अट सगळ्यात साधी आणि सगळ्यात अवघड: हरलेल्याच्या बायकोला किंवा आईला मराठीत, आपल्या जिल्ह्यात, नाव असलेल्या अधिकाऱ्याकडे तक्रार करता आली पाहिजे. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा फोन क्रमांक आहे, पण त्याने इथे भागत नाही. राजीखुशीने हरलेल्या पैशाला तिथे फसवणूक म्हणत नाहीत. यातली एक जरी अट समोरच्या राज्याला किंवा कंपनीला जड वाटली, तर प्रस्ताव परत पाठवावा. लॉटरीत आपण अटी न घालता दार उघडं ठेवलं, आणि मग ते लावायला गेलो तेव्हा आपलं स्वतःचं दुकान बंद करण्याची किंमत सांगितली गेली. ती चूक एकदा झाली. पोलादपूरच्या माणसाने तक्रार कुठे करायची, याचं उत्तर कागदावर येईपर्यंत त्याला देशाच्या टेबलावर बसवायला महाराष्ट्राने संमती देऊ नये.